पावसाळ्यात सुकवलेला खजूर महिन्याभरात आंबतो: चूक कुठे होते आणि ती कशी थांबवायची

ड्रायरमधून काढताना फळ छान सुकलेलं वाटतं. पाकिटं भरली जातात, लेबल लागतं आणि तीन-चार आठवड्यांनी पाकीट फुगतं. फोडलं की आधी ताडीसारखा वास येतो, आणखी काही दिवसांनी व्हिनेगरचा. दरवर्षी हेच घडतं आणि दरवर्षी दोष पाकिटाला, सीलिंग मशीनला नाहीतर फळाच्या जातीला दिला जातो. खरं कारण जवळपास नेहमी एकच असतं: फळात पाणी किती उरलंय ते हाताने दाबून ठरवलेलं असतं, काट्यावर मोजलेलं नसतं.

आधी हा त्रास आपल्याकडेच इतका का, ते पाहू. इराक किंवा आखाती देशांत खजूर झाडावरच पिकतो, मऊ होतो आणि तिथेच बराचसा सुकतो. कच्छमध्ये, म्हणजे मुंद्रा, अंजार, भुज या पट्ट्यात, फळ जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तयार होतं आणि त्याच वेळी पाऊस येतो. घडावर पाणी पडलं की फळ तडकतं, देठाकडून बुरशी शिरते. म्हणून तिथे फळ पिवळं किंवा लाल, कडक असतानाच उतरवतात. याला डोका अवस्था म्हणतात. टोकाकडून मऊ पडू लागलेलं फळ म्हणजे डांग आणि पूर्ण पिकून सुकत आलेलं म्हणजे पिंड. कच्छी खारकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच ताज्या, डोका अवस्थेतल्या फळासाठी. महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात ज्यांनी टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) बरही जात लावली आहे, त्यांचंही फळ पावसातच हाती येतं. झाडावर उन्हाने जे पाणी काढायचं ते आपल्याला शेडमध्ये काढावं लागतं, तेही हवा सर्वांत दमट असताना.

(पुढे 'ओली खारीक' म्हणजे डोका अवस्थेतलं ताजं फळ आणि 'खारीक' म्हणजे वाण्याकडे मिळते ती सुकी.)

तीनशे ग्रॅमचा फरक

बी काढलेला १० किलो ताजा गर घ्या. त्यात ६५ टक्के पाणी आहे असं धरू, म्हणजे घन भाग साडेतीन किलो. हा गर वाळून ५ किलोवर आला की ओलावा ३० टक्के, ४.६७ किलोवर २५ टक्के आणि ४.३७ किलोवर २० टक्के. २५ टक्क्यांच्या वर यीस्टला काम करायला पुरेसं पाणी असतं. २० टक्क्यांवर साखर इतकी दाट होते की यीस्टला त्यातून पाणी ओढून घेता येत नाही. टिकणारा आणि आंबणारा माल यांच्यात दहा किलोंमागे फक्त तीनशे ग्रॅम पाणी आहे. हा फरक बोटांना कळत नाही.

त्यात गरम फळ बोटांना फसवतं. ५० अंशांवर साखरेचा पाक पातळ असतो, त्यामुळे पुरेसं सुकलेलं फळही मऊ लागतं. मग माणूस आणखी सहा तास ड्रायर चालवतो आणि दुसऱ्या दिवशी फळ दगड होतं. पुढच्या खेपेला तोच माणूस लवकर काढतो आणि माल आंबतो. फळ दाबूनच पाहायचं असेल तर निदान अर्धा तास थंड होऊ द्या. पण हिशेब वजनाचाच ठेवा:

काढायचं वजन = सुरुवातीचं वजन × (१०० − सुरुवातीचा ओलावा) ÷ (१०० − हवा असलेला ओलावा)

सुरुवातीचा ओलावा प्रत्येक तोडणीला काढावा लागतो, कारण पावसाआधीच्या आणि नंतरच्या फळात फरक पडतो. वेगवेगळ्या घडांतली वीसेक फळं घ्या, बिया काढा, गराचे पातळ काप करा, १०० ग्रॅम तोलून घ्या आणि ७० अंश सेल्सिअसला वाळवत ठेवा. दोन तासांच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखी आली की थांबा. जेवढे ग्रॅम घटले तेवढे टक्के ओलावा. तापमान वाढवून काम लवकर उरकू नका. खजुरातलं फ्रुक्टोज जास्त उष्णतेत जळू लागतं, तेही वजनातली घट म्हणून मोजलं जातं आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. प्रयोगशाळा हे काम निर्वात ओव्हनमध्ये करते. घरच्या पद्धतीत एखाद-दुसरा टक्का इकडेतिकडे होणारच, म्हणून लक्ष्य २५ नव्हे, २० ठेवायचं.

अख्खं फळ वाळवत असाल तर बीचं वजन वेगळं धरा. दहा फळांतल्या बिया काढून तोला आणि तेवढं प्रमाण ट्रेच्या वजनातून वजा करा. हे विसरलं की हिशेब कोलमडतो. बी काढून दोन फाकी करून वाळवलं तर हा प्रश्न उरत नाही आणि वेळही वाचतो, पण अख्ख्या फळाचा भाव जातो.

कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकात इन्व्हर्ट साखरेच्या, म्हणजे मुख्यतः ग्लुकोज-फ्रुक्टोज असलेल्या, जातींना (बरही, हलावी, खदरावी, मेडजूल) ३० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो आणि अनेक जण त्याच आकड्यावर ड्रायर बंद करतात. ती व्यापारी मालासाठी घातलेली कमाल मर्यादा आहे. जुलैमधल्या दमट गोदामात त्या ओलाव्याचा माल टिकेल, असा त्याचा अर्थ होत नाही. मऊ, ३० टक्क्यांचा खजूर विकायचा असेल तर तो शून्य ते चार अंशांत ठेवूनच विकावा.

ड्रायरमध्ये काय बिघडतं

पहिली चूक ट्रे भरण्याआधीच होते: डोका आणि डांग एकत्र. डोका फळाला उकळत्या पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवावं लागतं, तेव्हा त्याच्या पेशी मोडतात आणि पाणी बाहेर यायला वाट होते. डांगला अर्धं ते दोन मिनिटं पुरतात. डांग आठ मिनिटं उकळलं की साल फुटते, पाक बाहेर येतो, फळं एकमेकांना चिकटतात आणि त्या चिकट थरावरच यीस्ट सर्वांत आधी वाढतं. उलट, डोका नुसतं बुचकळून काढलं तर आतून ओलंच राहतं. म्हणून निवड करूनच घ्या, दोन ढीग करा आणि अर्धवट मऊ फळ शंका असेल तर डांगच्या ढिगात टाका.

उकळायला लोखंडी कढई किंवा गंजका पिंप वापरू नका. ओल्या खारकेतलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाशी मिळून काळं पडतं. खारीक काळपट होते म्हणून गंधकाची धुरी देणारे आहेत. बरेचदा नुसतं स्टीलचं पातेलं वापरलं तरी भागतं. खारीक तुरट राहते ही तक्रारही टॅनिनचीच, पण ती उकळून पूर्ण जात नाही. देशी, बियांपासून वाढलेल्या झाडांची अनेक लाल फळं डोका अवस्थेत तुरट असतात. ती डांग होईपर्यंत थांबा, नाहीतर लोणच्याला वापरा. बरही डोका अवस्थेतही गोड असते आणि ताजीच चांगल्या भावाने जाते, त्यामुळे उरलेली किंवा डागी बरहीच सुकवायला घ्यावी.

तापमान डोका फळाला ४५ ते ५० अंश आणि वेळ ७० ते ९५ तास. डांगला ४० अंशांच्या आसपास. तीन दिवस कोण थांबणार म्हणून सुरुवातीलाच ६५-७० अंश लावले की साल आधी सुकून घट्ट होते आणि आतलं पाणी अडकतं. असं फळ बाहेरून उत्तम दिसतं. आठवड्याभरात आतलं पाणी सालीकडे येतं, फळ पुन्हा मऊ आणि चिकट होतं, आणि लोक म्हणतात 'हवेने ओल धरली'. एकदा असं झालं की तापमान कमी करूनच सावकाश वाळवता येतं, घाई करून काही उपयोग नाही.

रात्री वीज गेली किंवा खर्च वाचवायला ड्रायर बंद ठेवला तर काय होतं, याचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पावसाळ्यातली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ५० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण २६ टक्क्यांवर येते. ४० अंशांना ती ४३ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे पावसातली हवाही वाळवण्याच्या कामाची आहे, ती गरम असेपर्यंत. ड्रायर थंड झाला की तीच हवा पुन्हा ८५ टक्क्यांची होते, आणि साधारण ६५ टक्क्यांच्या वर सुकलेलं फळ उलट पाणी ओढायला लागतं. सोलर टनेलमध्ये (उन्हावर चालणाऱ्या बोगद्यासारख्या ड्रायरमध्ये) हे रोज रात्री घडतं. संध्याकाळी ट्रे काढून झाकणाच्या डब्यात बंद करा, सकाळी हवा तापल्यावर पुन्हा मांडा. दिवसा मात्र वरची झडप उघडी हवी. उष्णता वाचवायला झडप बंद करणारे स्वतःच्याच वाफेत फळ उबवत असतात.

ट्रेवर एकच थर असावा. दर बारा तासांनी ट्रेंची अदलाबदल करा, कारण हीटरजवळचा ट्रे आणि कोपऱ्यातला ट्रे यांत दिवसभराचा फरक पडतो. खुणेसाठी तीन ठिकाणचे तीन ट्रे ठरवून तेच तोलत राहा, आणि सर्वांत मागे पडलेल्या ट्रेचं वजन उतरल्याशिवाय त्या खेपेला हात लावू नका.

मुरवण्याचे सात दिवस

सरासरी २० टक्के ओलावा आला तरी काही फळं १६ वर असतात, काही २६ वर. हा माल थेट पाकिटात गेला तर एक ओलं फळ शेजारच्या दहांना बिघडवतं. सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच, आणि तिला ना वीज लागते ना यंत्र.

फळ पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या स्वच्छ डब्यात दोन तृतीयांश भरा. डबा सात दिवस सावलीत ठेवा आणि रोज एकदा हलवून फळं वरखाली करा. ओल्या फळातलं पाणी कोरड्या फळाकडे सरकतं आणि सगळी खेप एकसारखी होते. पहिल्या दोन दिवसांत झाकणाच्या आतून दव दिसलं किंवा फळं एकमेकांना चिकटू लागली तर माल परत ड्रायरमध्ये जातो, पाकिटात नाही. गरम असतानाच डबा बंद केला तर दव येणारच, तेव्हा खोटा इशारा मिळू नये म्हणून आधी थंड करण्याची अट आहे.

'व्हॅक्यूम केलं की टिकतं' हा मोठा गैरसमज आहे. हवा काढल्याने बुरशी आणि कीड आवरते, पण यीस्ट हवेशिवायही साखरेचा मद्यार्क करतं. फुगलेलं व्हॅक्यूम पाकीट हा त्याचाच पुरावा. ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकल्यानेही यात फरक पडत नाही.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही

सालीखाली फिकट, खरखरीत ठिपके असतील तर ती बहुधा ग्लुकोज साखर आहे. इन्व्हर्ट साखरेच्या जातींतच हे होतं. एक फळ ५५-६० अंशांवर थोडा वेळ गरम करा: साखर विरघळून डाग जातो. बुरशी जात नाही, ती केसाळ असते आणि कुबट वास देते. साखर पडलेला खजूर खायला चांगला असतो. सगळी खेप हलकी गरम करून डाग घालवता येतात, मात्र गोदाम गरम असेल तर ते पुन्हा येतात. थंड जागी ठेवणं हाच त्यावरचा टिकाऊ इलाज. दोरे आणि जाळी दिसली तर ती पाकोळीच्या अळीची.

बुरशी आलेलं फळ निवडून बाकीचं विकू नका. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन तयार करतात आणि ते विष धुवून किंवा शिजवून जात नाही. नुसत्या आंबलेल्या, बुरशी नसलेल्या मालाचा मात्र सिरका करता येतो. तो गरम करून, वास घालवून खजूर म्हणून विकायचा प्रयत्न फसतोच, कारण आंबटपणा राहतो आणि पाणी तेवढंच राहतं.

बंद पाकिटात भुंगेरे कुठून येतात

बाहेरून कमी, आतून जास्त. अंडी बागेत किंवा वाळवणाच्या जागी घातली जातात आणि पाकिटात उबतात. ४५-५० अंशांचा ड्रायर मंद असेल तर फळाच्या आतल्या अंड्यांना तो पुरत नाही. शेवटी फळाच्या गाभ्यात ५० ते ५५ अंश तापमान दोन तास टिकेल असं पाहा, किंवा उणे १८ अंशांवर ठेवा. गाभा उणे १८ ला पोचल्यापासून ४८ तास मोजायचे. पाच किलोच्या खोक्याच्या मध्यभागी थंडी पोचायलाच बराच वेळ लागतो, त्यामुळे डीप फ्रीझरमध्ये खोकी एकावर एक रचून दोन दिवसांनी काढली तर आतली अंडी जिवंत असू शकतात. खोक्याच्या मध्यात थर्मामीटरची तार सोडून खात्री करा.

फ्रीझरमधून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडायचं नाही. थंड फळावर लगेच दव बसतं आणि इतके दिवस सांभाळलेला ओलावा पाच मिनिटांत बिघडतो.

साठवणीचं गणित साधारण असं: २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचा खजूर २० अंशांना महिनाभर, ४ अंशांना आठ महिने, शून्याला वर्षभर आणि उणे १८ ला त्याहून जास्त चांगला राहतो. आपल्याकडचं गोदाम २० अंशांचं नसतं हे यात धरा. ताजी ओली खारीक शून्य अंशाला, ८५ ते ९५ टक्के आर्द्रतेत, पिशवीचं अस्तर असलेल्या खोक्यात ठेवावी. थंडीने तिला इजा होत नाही. पावसात उतरवलेली फळं आधी पंख्याखाली पूर्ण कोरडी करा. ओली खारीक गोठवून पुन्हा वितळवली की टॅनिन विरघळेनासं होतं, तुरटपणा जातो आणि ती मऊ, गोड होते, पण तिच्यात पाणी साठ टक्क्यांच्या वरच असतं. तिला खजूर समजून कपाटात ठेवलं तर दोन-तीन दिवसांत आंबते.

पेस्ट, सिरप, लाडू, पूड

पेस्टची तक्रार आंबण्याचीच असते आणि कारण घातलेलं पाणी. २० टक्के ओलाव्याच्या १० किलो खजुरात दळायला सोपं जावं म्हणून एक लिटर पाणी घातलं की ओलावा २७ टक्क्यांच्या पुढे जातो. पाण्याऐवजी दहा मिनिटं वाफ द्या, गरम असतानाच जाड चकतीतून काढा, आणि तरीही वजन तोलून पाहा: वाफेनेही थोडं पाणी शिरतं.

सिरपसाठी १ किलो गराला अडीच ते तीन लिटर पाणी, ६० ते ७० अंशांवर तासभर ढवळत ठेवणं, दोनदा गाळणं आणि ७२ ते ७५ ब्रिक्सपर्यंत (साधारण तितके टक्के साखर होईपर्यंत) आटवणं. रिफ्रॅक्टोमीटरवरचा (ब्रिक्स मोजायच्या उपकरणावरचा) थेंब थंड झाल्यावरच वाचा. सत्तरच्या खाली थांबलेलं सिरप आंबतं. पंचाहत्तर ब्रिक्सचं सिरपही वरच्या अर्ध्या सेंटिमीटरात आंबलेलं सापडतं: गरम भरल्यावर झाकणाखाली वाफ जमते, थेंब खाली पडतो आणि वरचा थर पातळ होतो. ८५ अंशांवर काठोकाठ भरा, झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटं उलटी ठेवा. शेवटचा टप्पा रुंद पातेल्यात किंवा गरम पाण्याच्या भांड्यात करा, नाहीतर तळ लागून कडवट चव येते. खजुराला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो. सायट्रिक आम्लाने सामू (पीएच) ४.५ च्या खाली आणला तर सिरप अधिक भरवशाचं होतं.

खजूर-सुकामेव्याच्या रोलमध्ये बदाम-काजू मऊ पडतात, कारण खजुरातलं पाणी त्यांच्याकडे सरकतं. सुकामेवा भाजून, पूर्ण थंड करून, किंचित तूप चोळून घाला. खवा घातलेला रोल खजुराचा राहत नाही, तो दुधाचा पदार्थ समजून फ्रीजमध्येच ठेवायचा.

डिंकाच्या लाडवांसाठी खारीक दळताना मिक्सर अडकतो तो उष्णतेमुळे. बिया काढून तुकडे ५०-५५ अंशांवर वाळवा, थंड झाल्यावर तुकडा वाकता कामा नये, तट्कन तुटला पाहिजे. मग थोडे थोडे घेऊन, दहा सेकंद चालवून थांबत दळा; भांडं गरम लागलं की थांबून गार होऊ द्या. पूड थंडीत महिनोन्महिने मोकळी राहते, पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर काही तासांत तिचा गोळा होतो. तेव्हा जूननंतर लागेल तेवढीच दळावी आणि बाकीची खारीक अख्खीच ठेवावी.

खारकेच्या लोणच्यात खारीक आधी पाण्यात भिजवू नका. ती फुगते खरी, पण तेच पाणी पुढे लिंबाच्या रसाची धार कमी करतं आणि वर बुरशी येते. तुकडे थेट लिंबाच्या रसात आणि मिठात भिजवा, रस तुकड्यांच्या वर बोटभर राहील इतका घाला. दुसऱ्या दिवशी खारकेने तो शोषलेला असतो, तेव्हा पुन्हा वर येईल इतका घालावा लागतो.